एकच माईक, दोन आवाज: संगीत नाटकात संवाद आणि पद यांचा ध्वनी कसा सांभाळायचा

संगीत नाटकाचा प्रयोग संपल्यावर प्रेक्षकांकडून दोनपैकी एक तक्रार हमखास येते. एक, गाणी छान झाली पण बोलणं कळलं नाही. दुसरी, संवाद स्वच्छ होते पण पद सुरू झालं की आवाज कानाला टोचत होता. दोन्हींचं मूळ एकच आहे. नटाच्या अंगावर माईक एकच असतो आणि मिक्सरवर त्या माईकला एकच चॅनेल, म्हणजे आवाजाची एकच वाट, दिलेला असतो. त्या एका चॅनेलवर ईक्यू (खालच्या-वरच्या लहरी कमी-जास्त करणं), कॉम्प्रेसर (मोठा आवाज दाबणारं साधन) आणि रिव्हर्ब (कृत्रिम घुमारा) यांची अशी काही सरासरी लावली जाते की ती ना बोलण्याला लागू पडते ना गाण्याला.

हौशी संस्था, राज्य नाट्य स्पर्धेत उतरणारे संघ, गोव्यातल्या देवळांसमोरच्या मांडवात नाटक करणारी मंडळी आणि त्यांच्यासाठी मिक्सरवर बसणारे लोक, या सगळ्यांसाठी हा लेख आहे. आठ ते बारा वायरलेस माईक, एक डिजिटल मिक्सर, रंगमंचासमोर ऑर्गन आणि तबला, एवढी सामग्री मी गृहीत धरली आहे. ॲनालॉग मिक्सर असला तरी काय करता येतं, तेही ओघात सांगितलं आहे.

पायऱ्यांचा क्रम बदलू नका. बहुतेक चुका सेटिंगच्या आकड्यांत नसतात, क्रमात असतात. माईकची जागा ठरण्याआधी ईक्यूला हात घातला जातो आणि ऑर्गनची पातळी ठरण्याआधी गायकाचा फेडर (आवाज कमी-जास्त करणारी सरकपट्टी) वर जातो, मग पुढचं सगळं चुकत जातं.

तयारी: संहिता हातात घ्या

पहिलं काम यंत्राजवळ होत नाही. किमान दोन तालमींना संहितेची प्रत आणि पेन्सिल घेऊन बसा. प्रत्येक पानाच्या समासात कोण बोलतं, त्याचा माईक क्रमांक काय आणि तो कुठल्या विंगेतून येतो हे लिहा. मग प्रत्येक पदाची सुरुवात आणि शेवट यांवर खूण करा. संवाद आणि पद यांमधला हा बदल चार प्रकारचा असतो आणि प्रत्येक प्रकाराला हाताची हालचाल वेगळी लागते:

अ) संवाद संपतो, ऑर्गन सूर देतो, मग पद सुरू होतं.
आ) नट बोलता बोलता थेट पदात शिरतो, मध्ये श्वासाएवढीच जागा असते.
इ) पदाच्या दोन ओळींमध्ये गद्य येतं आणि पुन्हा पद.
ई) पद संपून टाळ्या ओसरायच्या आत पुढचा संवाद सुरू होतो.

पहिला प्रकार सोपा आहे. उरलेले तीन रंगीत तालमीत स्वतंत्रपणे, पुन्हा पुन्हा करून घ्या.

प्रत्येक गायक नटाची पट्टी (तो कुठल्या सुरात गातो ते) विचारून समासात लिहून ठेवा. याचा उपयोग सहाव्या टप्प्यात आहे, आणि तो मोठा आहे.

१. माईकची जागा

खराब जागी लावलेला माईक कुठल्याही ईक्यूने सुधारत नाही. माझी पहिली पसंती कपाळावर, केस जिथे सुरू होतात तिथे, नाकाच्या रेषेत. तिथे आवाजाचा रंग बराचसा नैसर्गिक राहतो, आणि नटाने मान वळवली तरी तोंड ते माईक हे अंतर तेवढंच राहतं. छातीवर लावलेल्या माईकमध्ये साधारण ७०० ते ८०० हर्ट्झच्या आसपास छातीचा घुमारा जमा होतो आणि ३ ते ४ किलोहर्ट्झची स्पष्टता कमी होते. मान वळली की आवाजही जातो. शिवाय आपल्या नाटकांत छातीवर ठुशी, मंगळसूत्र, शेला, जरीची किनार असं सगळं असतं, आणि त्यातलं प्रत्येक जण माईकवर घासतं.

पगडी किंवा टोप असेल तर माईक त्याच्या कडेखाली दाबू नका. माईकचं टोक कडेच्या दोन-तीन मिलिमीटर पुढे आलं पाहिजे. पगडीच्या कडेवरून परावर्तित झालेला आवाज मूळ आवाजात मिसळला की आवाज डब्यातल्यासारखा होतो. तो ईक्यूने निघत नाही, माईक हलवावा लागतो. फेटा असेल तर फेटा बांधून झाल्यावर माईक लावा, आधी नाही.

गालाजवळचा माईक दिसतो, म्हणून पौराणिक-ऐतिहासिक नाटकांत अनेक दिग्दर्शक तो नको म्हणतात. तरी उघड्या मांडवात किंवा नटाचा आवाज लहान असेल तर तोच वापरा. तोंडापासूनचं अंतर निम्मं झालं की साधारण ६ डेसिबल मिळतात, आणि मांडवात हे ६ डेसिबलच प्रयोग वाचवतात. फक्त त्याचं टोक ओठांच्या कोपऱ्याच्या मागे ठेवा, समोर आलं की ‘भ’, ‘फ’, ‘प’ फुटतात.

चिकटवायला औषधाच्या दुकानात मिळणारी पारदर्शक वैद्यकीय चिकटपट्टी वापरा. त्वचा आधी स्पिरिटच्या बोळ्याने पुसून कोरडी करा, कारण मेकअपवर पट्टी धरत नाही. म्हणजे माईक आधी आणि रंग नंतर, हे रंगभूषाकाराशी आदल्या दिवशीच बोलून ठेवा. वायरीचा एक छोटा वळसा मानेच्या मागे पट्टीखाली ठेवा, म्हणजे मान हलली तरी ताण टोकाशी येत नाही.

> तपासा: नटाला पूर्ण वेशात वाकून नमस्कार करायला, मिठी मारायला, गुडघ्यावर बसायला सांगा आणि हेडफोनवर खरखर ऐका. शांत उभं राहून केलेली तपासणी काहीच सांगत नाही.

२. ट्रान्समीटर, बॅटरी, लहरी

ट्रान्समीटर पातळ प्लास्टिकच्या पिशवीत घालून मग कापडी पट्ट्यात ठेवा, कारण घाम हा त्याचा पहिला शत्रू आहे. नऊवारीत मागे कासोट्याशी तो टोचतो, म्हणून कमरेच्या बाजूला किंवा पाठीवर दोन खांद्यांच्या मध्ये बांधा. अँटेना दुमडू नका आणि ओल्या त्वचेला चिकटू देऊ नका.

बॅटरी प्रत्येक प्रयोगाला नवी किंवा पूर्ण भारलेली हवी. ‘अजून दोन दांड्या दाखवतोय’ हा हिशोब तिसऱ्या अंकात फसतो.

लहरींबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. जुन्या वायरलेस संचांपैकी काही ७०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतात. २०२२ च्या लिलावानंतर हा पट्टा भारतात फाइव्ह-जी सेवेसाठी वापरला जातो. दुपारी रिकाम्या नाट्यगृहात सगळं ठीक असतं आणि प्रेक्षक मोबाइल घेऊन आत आले की खरखर सुरू होते, त्याचं हे एक कारण. भाड्याने संच घेताना पट्टा विचारा. वायरलेसचे चॅनेलही मनाने, समान अंतरावर निवडू नका. कंपनीने दिलेल्या एकाच गटातले घ्या, नाहीतर माईक एकमेकांतच अडथळा आणतात.

३. गेन: सर्वांत मोठ्या तानेवर

इथे जवळजवळ सगळे चुकतात. नट येतो, ‘हॅलो, चेक, वन टू थ्री’ म्हणतो, त्यावर गेन (माईकचा आवाज आत घेताना दिलेली वाढ) लावला जातो. प्रयोगात तोच नट तारसप्तकात तान घेतो तेव्हा आवाज फाटतो. बोलणं आणि तारसप्तकातलं गाणं यांत २० डेसिबलचा फरक सहज पडतो. मिक्सरवर फेडर खाली घेतल्याने फाटलेला आवाज दुरुस्त होत नाही, कारण तो त्याआधीच, ट्रान्समीटरमध्ये किंवा मिक्सरच्या प्रीअँपमध्ये (जिथे गेन लागतो तिथे) फाटलेला असतो.

नटाला त्याच्या पदातली सर्वांत जोरकस जागा पूर्ण ताकदीने गायला सांगा. राखून गाऊ देऊ नका. आधी ट्रान्समीटरचा गेन असा ठेवा की तिथला लाल दिवा लागत नाही. मग मिक्सरचा गेन असा की डिजिटल मीटरवर शिखर उणे १० ते उणे १२ च्या वर जात नाही. आता त्याला संवाद म्हणायला लावा. मीटर बराच खाली दिसेल. दिसू द्या. संवादाला लागणारी जोड संवादाच्या चॅनेलवर पुढे देणारच आहोत.

संवाद तपासताना ‘हॅलो’ नको, वाक्य हवं, आणि त्यात मराठीतली अवघड व्यंजनं हवीत. मी हे वापरतो: ‘थोरल्या भावाने छपराखालच्या झुंबराची साखळी चटकन खेचली.’ महाप्राण, ‘च’चे आणि ‘झ’चे उच्चार, ‘स’, ‘ळ’ असं सगळं त्यात येतं. कुठलं अक्षर हरवतं, हे पहिल्याच वेळी कळतं.

> सावध: गेन एकदा ठरला की प्रयोग संपेपर्यंत त्याला हात लावू नका. गेन हलला की कॉम्प्रेसर, मॉनिटर, रिव्हर्ब या सगळ्यांचा हिशोब बदलतो.

४. आधी साथ, मग आवाज, मग शिट्टी

ऑर्गन आणि तबला पिटात (रंगमंचासमोरच्या साथीदारांच्या जागेत), प्रेक्षकांच्या अगदी जवळ असतात. चारपाचशे आसनांच्या नाट्यगृहात पुढच्या रांगांना ते माईकशिवायही ऐकू येतात. म्हणून आधी स्पीकर बंद ठेवून साथीदारांना एक पद वाजवायला सांगा आणि स्वतः तिसऱ्या रांगेत, मग शेवटच्या रांगेत जाऊन ऐका. मागे जेवढं कमी पडतं तेवढंच स्पीकरमधून द्या. ही पातळी म्हणजे तुमचा पाया. गायक तिच्यावर बसणार आहे, म्हणून ती जितकी खाली ठेवता येईल तितकी ठेवा. साथ मोठी झाली की गायकाचा माईक वर जातो आणि शिट्टी (स्पीकरचा आवाज पुन्हा माईकमध्ये शिरल्याने होणारी किंचाळी) जवळ येते, मग नट जास्त ताणून गातो.

ऑर्गनच्या माईकवर २ ते ३ किलोहर्ट्झच्या आसपास ३ डेसिबलची रुंद कपात करा. ऑर्गनच्या रीड तिथे फार बोलक्या असतात, आणि व्यंजनंही तिथेच राहतात. गायकाचा आवाज वर ढकलण्याऐवजी त्याच्यासाठी ही जागा रिकामी करा. साथीदारांना यात काही वावगं वाटत नाही, पण त्यांच्या कानावर आधी घाला.

आता रंगमंचावरचे मॉनिटर, म्हणजे नटांना ऐकू यावं म्हणून ठेवलेले स्पीकर. नटाला त्यात ऑर्गनचा सूर आणि तबल्याचा ठेका द्या. त्याचा स्वतःचा आवाज त्यात देऊ नका. हे छोटे माईक सर्व दिशांनी ऐकणारे असतात. ते मॉनिटरकडे पाठ करू शकत नाहीत, आणि शिट्टीची निम्मी प्रकरणं इथूनच सुरू होतात. नट आग्रह धरेल, तेव्हा सूर थोडा वाढवून द्या. बहुतेक वेळा त्याला हवा असतो तो सूरच.

मुख्य स्पीकर नटाच्या पुढे असतात, म्हणून आवाज नटाकडून येण्याऐवजी भिंतीवरच्या डब्यातून येतो. नट साधारणपणे स्पीकरच्या रेषेमागे किती मीटर उभा राहतो ते मोजा आणि स्पीकरना मीटरमागे ३ मिलिसेकंद उशीर द्या. चार मीटरला १२. त्यात आणखी पाचेक मिलिसेकंद घातले की कान नटाकडे वळतो. बाल्कनीखाली वेगळे स्पीकर असतील तर त्यांनाही मुख्य स्पीकरपासूनच्या अंतराप्रमाणे उशीर द्या.

शेवटी शिट्टी शोधणं. हे काम नट पूर्ण वेशात, माईक डोक्यावर, त्यांच्या खऱ्या जागी उभे असताना करायचं. टेबलावर ठेवलेल्या माईकवर केलेल्या या तपासणीला अर्थ नाही. एक माईक हळूहळू वर न्या आणि पहिला घुमारा येईल त्या लहरीवर अरुंद कपात करा. चार-पाच कपातींनंतर थांबा. त्यापुढे ग्राफिक ईक्यूवर आवाजच कापला जातो आणि शिट्टी मात्र नवी जागा शोधते. अजूनही कमी पडत असेल तर माईक तोंडाजवळ आणा किंवा स्पीकर हलवा.

> तपासा: उघड्या माईकची संख्या दुप्पट झाली की शिट्टीआधीची मोकळीक ३ डेसिबलनी घटते. एका माईकवर काठावर असाल तर आठ माईकवर नक्की अडकाल. हातात किमान ६ डेसिबल शिल्लक ठेवा.

५. संवादाचा चॅनेल

आता मुख्य गोष्ट. डिजिटल मिक्सरवर प्रत्येक गायक नटाचं एकच इनपुट दोन चॅनेलना जोडा. एकाचं नाव ‘संवाद’, दुसऱ्याचं ‘पद’. बत्तीस इनपुटच्या सध्याच्या मिक्सरवर आठ गायक असले तरी सोळाच चॅनेल लागतात. जे नट गात नाहीत त्यांना एकच पुरेसा. ॲनालॉग मिक्सर असेल तर रिसीव्हरच्या मागे पाहा. बऱ्याच रिसीव्हरना एक्सएलआर आणि जाड पिन अशी दोन आउटपुट असतात. ती दोन वेगळ्या चॅनेलमध्ये घाला, तेच काम होतं.

संवादाच्या चॅनेलवर एकच प्रश्न विचारा: शेवटच्या रांगेत प्रत्येक अक्षर पोचतं का? गोडवा दुय्यम.

लो-कट (ठरावीक लहरीखालचा आवाज कापणारी गाळणी) पुरुषांना १०० ते १२० हर्ट्झ, स्त्रियांना १५० ते १६०. बोलण्यात त्याखाली कामाचं फारसं नसतं. असतो तो पावलांचा, कपड्यांचा आणि तबल्याच्या डग्ग्याचा आवाज. कपाळावरच्या माईकला २०० ते ३०० मध्ये फुगवटा वाटला तर २-३ डेसिबल कमी करा. ३ किलोहर्ट्झच्या आसपास २-३ डेसिबल वाढ बहुतेकांना लागते. विगखाली वरच्या लहरी हरवतात, म्हणून ७ किलोहर्ट्झच्या वर थोडा उठाव द्या, पण मग ‘स’ आणि ‘श’ टोचतात का ते ऐका. टोचत असतील तर ५ ते ८ किलोहर्ट्झवर डी-एसर (‘स’-‘श’ मऊ करणारं साधन) लावा.

कॉम्प्रेसर ३:१, अटॅक (दाबायला लागणारा वेळ) १० ते १५ मिलिसेकंद, रिलीज (सोडायला लागणारा वेळ) १०० ते १५०. साध्या बोलण्यावर ३ डेसिबल आणि संतापाच्या वाक्यावर ६ डेसिबल दाबलं गेलं की झालं. त्यानंतरची जोड सावकाश द्या. कॉम्प्रेसरनंतर दिलेली प्रत्येक डेसिबल जोड शिट्टीच्या तितकीच जवळ नेते.

नॉइझ गेट (ठरावीक पातळीखालचा आवाज आपोआप बंद करणारं साधन) लावू नका. वाक्याचं पहिलं अक्षर आणि शेवटचा निःश्वास तोच खातो. नाटकात निःश्वासही संवादच असतो. माईक बंद ठेवायचं काम फेडरवरच्या बोटाचं आहे.

६. पदाचा चॅनेल

इथे पट्टीची नोंद कामाला येते. पुरुष गायकाची पट्टी काळी एक असेल तर त्याचा मध्य षड्ज साधारण १३९ हर्ट्झवर, आणि मंद्र पंचम १०४ वर. संवादासाठी लावलेला १२० चा लो-कट पदालाही राहिला तर खर्जातली जागा पोकळ होते, आणि गायक बिचारा जोर लावत राहतो. त्याला पदाच्या चॅनेलवर ८० ठेवा. स्त्री गायिकेची पट्टी काळी चार असेल तर षड्ज २०८ च्या आसपास, मंद्र पंचम १५६ वर. तिथे १२० च्या वर जाऊ नका. प्रत्येक गायकाचा सर्वांत खालचा स्वर काढा आणि लो-कट त्याच्या खाली ठेवा.

संवादासाठी वाढवलेले ३ किलोहर्ट्झ इथे शून्यावर आणा. तारसप्तकात कमावलेल्या आवाजाची ताकद मुळातच २.५ ते ४ किलोहर्ट्झमध्ये एकवटलेली असते. त्यावर आणखी ३ डेसिबल म्हणजेच ते ‘कानाला टोचणं’. काहींना तिथे उलट २ डेसिबल कपात लागते. मिक्सरवर डायनॅमिक ईक्यू असेल तर ही कपात फक्त जोरकस स्वरांवर पडेल अशी लावा, हळुवार स्वरांना ती लागत नाही.

कॉम्प्रेसर हलका: २:१, अटॅक २५ ते ३०, रिलीज २०० च्या पुढे. अटॅक फार जलद ठेवला तर मुरक्या आणि हरकती बोथट होतात. रिलीज फार जलद ठेवला तर तबल्याच्या प्रत्येक थापेबरोबर आवाज वरखाली होतो, कारण नट पिटाजवळ आला की तबला त्याच्याही माईकमध्ये शिरतो. शिखरांसाठी पुढे एक लिमिटर (ठरावीक पातळीवर आवाज रोखणारं साधन), फक्त सर्वांत मोठ्या स्वराला स्पर्श करील एवढाच. नाट्यगायक स्वतःच्या आवाजाचा चढउतार जन्मभर घडवत असतो. तो सपाट करायचा आपल्याला अधिकार नाही.

> तपासा: संवाद आणि पद या दोन्ही चॅनेलवर आळीपाळीने तेच वाक्य बोलून घ्या. आवाजाचा जाड-बारीकपणा बदलला तर चालेल, पण मोठेपणा जवळपास सारखा हवा. एकावरून दुसऱ्यावर जाताना उडी जाणवली तर ती कॉम्प्रेसरनंतर दिलेली जोड कमी-जास्त करून सारखी करा.

७. रिव्हर्ब

रिव्हर्ब फक्त पदाच्या चॅनेलवरून पाठवा. संवादाला बंद नाट्यगृहात काहीच नको, तिथे हॉलचं स्वतःचं पुरतं. उघड्या मांडवात संवादाला अगदी थोडा, अर्ध्या सेकंदाचा छोटा रिव्हर्ब चालेल.

पदासाठी प्लेट किंवा हॉल या प्रकारचा रिव्हर्ब, १.४ ते १.८ सेकंद. प्री-डिले (घुमारा सुरू होण्याआधीचा उशीर) ३० ते ४० मिलिसेकंद, म्हणजे शब्द आधी पोचतो आणि घुमारा मागून येतो. परत येणाऱ्या रिव्हर्बचा ३०० हर्ट्झखालचा आणि ६ किलोहर्ट्झवरचा भाग कापा. द्रुत तानांना रिव्हर्ब कमी, विलंबित आलापीला थोडा जास्त. हे बोटाने, गाणं ऐकत. एको, म्हणजे पुन्हा पुन्हा ऐकू येणारा आवाज, पदाला लावू नका. तालात पडणारी पुनरावृत्ती तबलजीला त्रास देते.

पद संपताना रिव्हर्बची परतीची वाट म्यूट करू नका. शेवटचा स्वर चाकूने कापल्यासारखा तुटतो. पाठवणी (चॅनेलवरून रिव्हर्बकडे जाणारा आवाज) खाली आणा, शेपूट आपोआप विरेल.

८. बदलाची जागा

सगळी तयारी या एका क्षणासाठी आहे, म्हणून इथे सावकाश वाचा.

दोन्ही चॅनेल कधीही एकदम पूर्ण वर असता कामा नयेत. एकच सिग्नल दोन वाटांनी आला की बेरीज ६ डेसिबलनी वाढते आणि आधीच काठावर असलेला माईक शिट्टी मारतो. एका चॅनेलवर बाहेरचं यंत्र किंवा प्लगइन लावलेलं असेल तर त्याचा किंचित उशीर दोन्हींमध्ये गाळणीसारखी पोकळी तयार करतो. म्हणून दोन्ही वाटांवर मिक्सरच्याच आतली साधनं वापरा.

दोन फेडर शेजारी ठेवा. दोन बोटं, एक वर जातं तसं दुसरं खाली. मध्यावर दोन्ही सहा डेसिबल खाली असले की बेरीज मूळ पातळीइतकीच येते. म्हणजे तिथून पार होताना प्रेक्षकाला काही कळत नाही. मिक्सरवर सीन (साठवून ठेवलेली सेटिंगची मांडणी) बदलताना फेडर आपोआप सरकवण्याची सोय असेल तर अर्धा सेकंद द्या. नसेल तर सीनचा उपयोग फक्त कोण आत-बाहेर यासाठी करा आणि हा बदल हाताने करा. मला हाताचा बदल अधिक भरवशाचा वाटतो. नटाचा श्वास रोज वेगळ्या ठिकाणी येतो.

आता चार प्रकार. पहिल्यात, ऑर्गन सूर देतो तेव्हाच बदलून मोकळे व्हा. नट गप्प आहे, कुणाला कळणार नाही.

दुसऱ्यात, नट बोलता बोलता शिरतो तेव्हा, पहिल्या अक्षरावर बदलू नका. पदाची पहिली ओळ संवादाच्या चॅनेलवरच जाऊ द्या. ती बोलण्याचाच विस्तार असते आणि तिचे शब्द कळणं महत्त्वाचं असतं. पहिली सम आली की एका आवर्तनभरात हळूहळू पदाच्या चॅनेलवर या आणि रिव्हर्बही तिथूनच वाढू द्या. इथे घाई झाली की पहिल्या शब्दाभोवती अचानक हॉल उभा राहतो आणि माणूस बोलत होता तो गायब होतो.

तिसऱ्यात, गद्य एका ओळीचं असेल तर चॅनेल बदलूच नका, रिव्हर्बची पाठवणी फक्त खाली आणा. दोन-तीन वाक्यं असतील तर पूर्ण बदला.

चौथ्यात, टाळ्यांच्या वेळी माईक पूर्ण बंद. टाळ्या माईकमधून स्पीकरमध्ये जाऊन दुप्पट होतात. नट श्वास घेताना दिसला की संवादाचा चॅनेल नेहमीपेक्षा २ डेसिबल वर उघडा आणि टाळ्या ओसरल्या की मूळ जागी आणा.

आणि ‘वन्स मोअर’. तो कधी येईल सांगता येत नाही, म्हणून पद संपताच पुढच्या सीनवर जाऊ नका. टाळ्या थांबून पुढचं वाक्य सुरू होण्याच्या बेतात आलं की मगच बटण दाबा. नटाने ऑर्गनवाल्याकडे पाहिलं की समजा, पद पुन्हा येतंय.

> सावध: सीन जतन करताना गेन, ईक्यू आणि मुख्य आउटपुट सीनच्या कक्षेबाहेर ठेवा. नाहीतर आज संध्याकाळी या हॉलसाठी लावलेलं ईक्यू पहिल्याच सीनला पुसलं जाईल आणि गेल्या प्रयोगाचं परत येईल.

९. प्रयोगात: ओळीगणिक फेडर

बोलणाऱ्याचाच माईक उघडा. ओळ सुरू होण्याआधीच्या श्वासावर वर, ओळ संपल्यावर खाली. संहिता डोळ्यांसमोर, पण नजर रंगमंचावर. सगळे माईक उघडे ठेवून बसणं सोपं वाटतं, पण मग संवाद पोकळ, दूरचे आणि खोलीत बोलल्यासारखे होतात.

दोन नट समोरासमोर, हातभर अंतरावर आले की दोघांचे आवाज दोघांच्या माईकमध्ये जातात आणि पुन्हा तीच पोकळी येते. तिथे एकच माईक उघडा ठेवून दोघांचं बोलणं त्यातून घ्या. युगुलगीतात मात्र दोन्ही लागतात, म्हणून दिग्दर्शकाला तालमीतच सांगा की गाताना दोघांमध्ये निदान एक पाऊल ठेवा.

ऑटोमिक्सर (बोलणाऱ्याचा माईक आपोआप वर आणि बाकीचे खाली करणारी सोय) असेल तर तो फक्त संवादाच्या चॅनेलवर, आणि गर्दीच्या दरबारी प्रवेशातच. पदाच्या चॅनेलवर तो लावला की साथ देणाऱ्याचा आलाप मागे ढकलला जातो.

१०. मध्यंतर आणि नंतर

मध्यंतरात प्रत्येक माईक हेडफोनवर ऐका. घामाने छिद्र बुजलं की वरच्या लहरी मंदावतात आणि आवाज घोंगडीतून आल्यासारखा होतो. टोक उलटं धरून हलकेच झटका, कोरड्या कापडाने टिपा. तरी उघडला नाही तर राखीव माईक लावा. तिथे ईक्यू वाढवलं तर तिसऱ्या अंकात माईक वाळल्यावर तोच आवाज किंचाळतो.

प्रयोगानंतर टोकं पुसून उघड्यावर वाळवा, लगेच डबीत बंद करू नका. मिक्सरची फाइल नाट्यगृहाच्या नावाने जतन करा. पुढच्या गावी पदाच्या चॅनेलचे लो-कट, कॉम्प्रेसर, सीनचा क्रम आणि संहितेवरच्या खुणा जशाच्या तशा घ्या. मुख्य स्पीकरचं ईक्यू, उशीर, मॉनिटरची पातळी, ऑर्गनचा फेडर आणि रिव्हर्बची लांबी मात्र नव्याने करा, आणि चौथ्या टप्प्यापासून सुरुवात करा.